धारदार कुऱ्हाड ओंडक्यात का अडकते? आणि पडून असलेल्या घणाचं काय करता येतं

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आदळलं आणि रायगडातल्या कितीतरी परसांत आंबे, फणस, नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमचा जुना रायवळ आंबाही मुळासकट उपटला. मशीनची करवत घेऊन आलेल्या माणसाने त्याचे हात-हातभर लांबीचे ओंडके पाडून दिले आणि तो पुढच्या घरी गेला. मागे राहिले चाळीसेक ओंडके, आम्ही आणि घरातली एकुलती एक कुऱ्हाड.

कुऱ्हाडीला नुकतीच धार लावून आणली होती. पहिल्या घावाला ती ओंडक्यात दोन बोटं उतरली आणि तिथेच रुतून बसली. दांडा वर-खाली हलवला, ओंडक्यासकट उचलून आपटली, तेव्हा कुठे सुटली. दुसऱ्या घावाला पुन्हा तेच. तासाभरात दोन ओंडके फुटले आणि हात भरून आले. गडग्यापलीकडून बघणारे शेजारचे काका म्हणाले, "अरे, ही तोडायची कुऱ्हाड. हिने फाटी फुटायची नाहीत."

त्या एका वाक्यात सगळं शास्त्र आहे. आपण झाड तोडतो, लाकूड फोडतो आणि फळी चिरतो. तीन कामांना भाषेने तीन वेगळी क्रियापदं दिली आहेत, आणि तिन्हींना लागणारं हत्यारही वेगळं असतं. घरात मात्र बहुतेकांकडे एकच कुऱ्हाड असते आणि सगळी कामं तिच्याच माथी मारली जातात.

लाकूड म्हणजे हिरांची जुडी

खराट्याची जुडी डोळ्यांसमोर आणा. शेकडो हीर एकमेकांना चिकटून उभे आहेत. ही जुडी आडवी कापायची तर प्रत्येक हीर तुटला पाहिजे. त्याला धार लागते. पण तीच जुडी उभी दुभंगायची असेल तर एकही हीर तोडावा लागत नाही. मध्ये बोटं घालून दोन्हीकडे रेटलं की झालं.

लाकडाची रचना अशीच आहे. झाडाने पाणी वर नेण्यासाठी आणि खोडाला आधार देण्यासाठी वाढवलेले बारीक लांब तंतू खोडाच्या लांबीने उभे असतात आणि लिग्निन नावाचा नैसर्गिक डिंक त्यांना एकमेकांशी जोडून धरतो. तंतू ओढून तोडायला जेवढी ताकद लागते, तिच्या मानाने दोन तंतू एकमेकांपासून सोडवायला कितीतरी पटींनी कमी ताकद पुरते. फाटी फोडणारा माणूस लाकडाच्या या कमकुवत बाजूवर घाव घालत असतो.

बुरुडाला बांबू फोडताना पाहिलं असेल तर हे लगेच पटेल. कोयता तो फक्त तोंडाशी बसवतो. एकदा चीर पडली की कोयता पुढे रेटायचा, बांबू तडतडत आपोआप दुभंगत जातो. नीट पाहिलं तर चीर कोयत्याच्या धारेच्या वीतभर पुढे धावत असते. धार हवेत असते, कशालाच लागलेली नसते. बांबूच्या दोन फाका दूर सारायचं काम पात्याची जाडी करते.

ओंडक्याचंही तेच. पहिल्या बोटभर खोलीपर्यंत धारेचं काम. पुढचं सगळं काम धारेच्या मागे दोन्ही बाजूंना फुगत जाणाऱ्या भागाचं. त्याला आपण इथे हत्याराचे गाल म्हणू. तोडायच्या कुऱ्हाडीला गाल जवळजवळ नसतात. ती पातळ असते, कारण तिला तंतू कापत खोल जायचं असतं.

पण मग ती अडकते का?

दार वाऱ्याने आपटू नये म्हणून आपण खाली लाकडी पाचर सरकवतो. पातळ, निमुळती पाचर असेल तर ती घट्ट बसते, दार कितीही ढकला. तिथे जाड, बोथट तुकडा लावला तर दार ढकलताच तो सटकतो. फरक आहे तो फक्त उताराचा.

पाचरीच्या दोन्ही बाजूंना लाकूड दाबून धरत असतं. हा दाब तिला मागे ढकलायला बघतो आणि घर्षण तिला धरून ठेवतं. उतार कमी असेल तर घर्षण जिंकतं आणि पाचर रुतून बसते. लोखंड आणि लाकूड यांच्या बाबतीत पाचरीची एकेक बाजू १० अंशांच्या आत कललेली असेल, तर ती अडकणार हे जवळजवळ ठरलेलं. आमच्या कुऱ्हाडीची धार मी मोजली तेव्हा दोन्ही बाजू मिळून २२ अंशांच्या आसपास भरली, आणि धारेच्या मागे पातं त्याहूनही सपाट होत गेलेलं. म्हणजे ती उत्तम अडकणारी पाचर होती.

हे मोजायला कोनमापक लागत नाही. कागदाचा चौकोनी कोपरा ९० अंशांचा असतो. एकदा दुमडला की ४५, पुन्हा दुमडला की साडेबावीस. हा दुमडलेला कोपरा पात्याच्या टोकाशेजारी धरून बाजूने बघायचं.

फोडायच्या हत्याराला साधारण ३० ते ४० अंशांचं तोंड लागतं. त्याहून निमुळतं असेल तर रुततं, त्याहून बोथट असेल तर ओल्या लाकडावरून उसळतं. ही दुसरी गोष्ट मी पुढे स्वतः अनुभवली.

घणच का?

आकाराइतकंच वजनही महत्त्वाचं. आपली गावठी कुऱ्हाड किलो-सव्वा किलोची असते. ओंडका एका दणक्यात दुभंगायला जी ऊर्जा लागते ती वजन आणि वेग या दोन्हींतून येते. हिशेबाने वेगाला जास्त महत्त्व आहे: वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. पण माणसाचा हात काही दुप्पट वेगाने फिरत नाही. तेव्हा दोन-तीन किलोपर्यंत वजन वाढवणं हा सोपा मार्ग उरतो. त्याच्या पुढे गेलात तर हत्यार उचलण्यातच दमछाक होते आणि घावाचा वेग पडतो.

आमच्या पडवीत विहीर खणतानाचा एक घण वर्षानुवर्षं पडून होता. दांडा कधीच कुजून गेलेला, डोकं तीन किलोचं, दोन्ही तोंडं पाच सेंटिमीटर चौरस. वजन आयतं मिळालं होतं. एका तोंडाला गाल काढले आणि दुसरं तोंड तसंच ठेवलं तर फोडायचा घण तयार होतो: एका बाजूने फाटी फोडा, दुसऱ्या बाजूने लोखंडी पाचर ठोका.

भंगारातून घण उचलणार असाल तर एक गोष्ट आधी तपासा. तो बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, नाही ना? कोपऱ्यावर कानस मारून बघा. पोलादाचा कीस चकचकीत आणि वळलेला निघतो. बिडाची काळसर भुकटी पडते आणि बोटं काळी होतात. बीड दणक्याने फुटतं. असा घण तिथेच ठेवून या.

तोंड काढायचे दोन मार्ग

एक मार्ग कापण्याचा, दुसरा ठोकून वाढवण्याचा. योगायोगाने मला दोन्ही शेजारी शेजारी बघायला मिळाले, कारण माझं बघून काकांनीही त्यांचा तेवढाच घण बाहेर काढला.

मी माझा घरी ग्राइंडरवर घासला. घणाच्या तोंडापासून नेढ्यापर्यंत, म्हणजे दांडा घालायच्या भोकापर्यंत, अंतर जेमतेम सहा सेंटिमीटर. पाच सेंटिमीटर जाडीचा घण सहा सेंटिमीटरमध्ये निमुळता करायचा तर तोंड ४५ अंशांचंच होतं, त्याहून अरुंद होऊच शकत नाही. शिवाय दोन्ही बाजूंच्या तिरक्या फाका कापून टाकल्यामुळे सुमारे ६०० ग्रॅम पोलाद गेलं. तीन किलोचा घण दोन किलो चारशेवर आला.

तो वाळलेल्या फाट्यांवर झकास चालला. ओल्या आंब्यावर मात्र पहिल्या दोन-तीन घावांना टप्पकन उसळायचा आणि ओंडक्याच्या तोंडावर नुसता वळ उठायचा. ४५ अंश म्हणजे काय, ते त्या वळांनी मला शिकवलं.

काका थांबले. दिवाळीनंतर गावाबाहेर रस्त्याकडेला घिसाड्यांची पालं पडली, तिथे ते घण घेऊन गेले आणि मी बघायला बरोबर गेलो. जमिनीत खड्डा करून केलेली भट्टी, हाताने फिरवायचा पंखा. घणाचं एक तोंड निखाऱ्यात, दुसरं बाहेर. रंग गडद लालवरून नारिंगी झाला की तो माणूस सांडशीने डोकं ऐरणीवर धरायचा आणि समोर उभी असलेली त्याची बायको डोक्यावरून घण फिरवून घाव घालायची. तो हातोडीने तापलेल्या तोंडावर हलकासा ठोका देऊन जागा दाखवायचा, तिचा घाव बरोबर तिथेच. दोन घावांमध्ये तो डोकं पाव वळणाने फिरवायचा. लाली उतरली की परत भट्टीत. याला ते ताव म्हणतात. चार-पाच ताव झाले. मधूनमधून दुसरं तोंड पाण्यात बुडवून गार ठेवत होते, त्याचा कडकपणा उतरू नये म्हणून. ज्या अचूकपणे ती बाई घाव घालत होती तो वर्षांच्या सवयीशिवाय येत नाही, आणि ते कौशल्य आपण रस्त्याकडेला बघून न बघता पुढे जातो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यातून काय झालं बघा. पोलाद कुठेही कापलं गेलं नाही, फक्त सरकलं. गाल आठ सेंटिमीटर लांब झाले, तोंड ३५ अंशांवर आलं, धार पाचाऐवजी सात सेंटिमीटर रुंद झाली आणि वजन तीन किलोच्या आसपासच राहिलं. भाकरीचा गोळा थापला की पीठ तेवढंच राहतं आणि भाकरी पसरते, तसंच. काकांचा घण ओल्या लाकडावरही उसळत नाही. जवळपास लोहार असेल तर माझं मत सरळ आहे: त्याच्याकडे जा.

लोहार नसेल आणि ग्राइंडरच वापरायचा असेल तर एक हिशेब लक्षात ठेवा. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते, म्हणजे तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. तडा गेलेली चकती फुटली तर तुकडा त्याच वेगाने येतो. संरक्षक कव्हर काढू नका. साधा चष्मा पुरत नाही, बाजूंनी बंद असलेला गॉगल घाला. नायलॉनचे कपडे, लोंबता पदर, गळ्यातला टॉवेल नको. घण शिकंजात पक्का आवळा. ठिणग्या जातील त्या दिशेला पेंढा किंवा गोवऱ्या असतील तर आधी हलवा. आधी कापायच्या चकतीने दोन तिरके काप घेतले तर घासायचं काम पुष्कळ कमी होतं.

तापल्यामुळे पाणी उतरलं तर?

हा आक्षेप जाणकार हमखास घेतात, आणि कोयता किंवा विळ्याच्या बाबतीत तो अगदी बरोबर आहे.

हत्याराला पाणी देणं म्हणजे ते लालभडक, साधारण ८०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून एकदम थंड करणं. त्याने पोलाद कडक होतं, पण काचेसारखं ठिसूळही. म्हणून लोहार ते पुन्हा थोडं तापवतो. चकाकणाऱ्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात: साधारण २२० अंशांना गव्हाळी पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० ला निळा. पावसाळ्यात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर रंग दिसतात तसाच हा प्रकार. इथे तेलाच्या जागी गंजाच्या जातीचा अतिशय पातळ थर असतो. रंग जितका पुढचा, तितका कडकपणा कमी आणि चिवटपणा जास्त.

ग्राइंडरखाली पोलाद निळं पडलं म्हणजे तिथे ३०० अंश झाले आणि पाणी उतरलं. विळ्याची धार अशाने वाया जाते. फोडायच्या घणाला मात्र पात्यासारखी कडक धार लागतच नाही, कारण तो तंतू कापत नाही, दूर सारतो. मऊ धार फार तर थोडी दुमडते; कानसेचे दहा हात मारले की सरळ. उलट फार कडक धार गाठीवर बसली तर तिचा टवका उडतो आणि तो डोळ्याच्या दिशेने येऊ शकतो. घणाचा कडकपणा मुळात तोंडाजवळच असतो. तोंड घासून टाकल्यावर आतलं चिवट पोलाद वर येतं, आणि या कामाला तेच हवं.

काकांनी घिसाड्याला विचारलं, "पाणी देणार ना?" तो म्हणाला, "देतो, पण बेताचं. याला काय गवत कापायचंय?"

तेव्हा निळं पडलं तर घाबरू नका. लाल मात्र होऊ देऊ नका, आणि चुकून झालंच तर लगेच पाण्यात बुडवू नका. लाल असताना बुडवलं की तेवढी पातळ कड ठिसूळ होते. बोट लावून सोसवेना झालं की थांबायचं, निवू द्यायचं, मग पुढे.

कुऱ्हाडीच्या डोक्यावरच घण मारला तर?

बरेच जण हेच करतात. कुऱ्हाड ओंडक्यात रुतली की तिच्या डोक्यावर घण हाणतात. कृपा करून करू नका. कुऱ्हाडीचं नेढं पातळ भिंतींचं असतं. डोक्यावर ठोकत गेलं की ते पसरतं, चिरतं आणि एक दिवस पातं दांड्यावरून निसटतं. दुसरा धोका त्याहून मोठा. घणाचं कडक तोंड दुसऱ्या कडक पोलादावर आदळलं की कपच्या उडतात, आणि त्या गोळीसारख्या अंगात घुसू शकतात.

म्हणून तयार केलेल्या फोडायच्या घणावर दुसरा घण कधीही मारायचा नाही. लोखंडी पाचर ठोकायला हरकत नाही, कारण पाचरीचं डोकं मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. ते ठोकून ठोकून छत्रीसारखं फुललं की ती फुललेली कड घासून टाका. जुन्या घणाच्या तोंडावर अशी कड आली असेल तर तीही.

दांडा: इथे बहुतेकांचं चुकतं

दगड फोडणारे लोक घणाला बांबूचा लवचिक दांडा लावतात, कारण दगडावरचा हादरा मनगटात येऊ नये. फोडायच्या घणाला तो चालत नाही. धार नेमकी जिथे हवी तिथे पडली पाहिजे. धामण नावाच्या झाडाच्या लाकडाचा सरळ रेषेचा दांडा मिळाला तर सर्वांत छान. धामण चिवट असतं आणि हादरा गिळतं. बाभळीचाही चालतो.

आता खरी मेख. घण हातात थोडा फिरला तरी काही बिघडत नाही, त्याचं तोंड सगळीकडून सारखंच असतं. पण त्याला धार काढली की तो फिरून चालणार नाही. नेढं गोल असेल आणि दांडाही गोल असेल, तर धार तिरकी पडते आणि घण ओंडक्यावरून पायाकडे घसरतो. दांड्याची मूठ अंडाकृती करून घ्या म्हणजे धार कुठे आहे ते न बघता हाताला कळतं. नेढ्यात दांड्याला उभी चीर घेऊन पाचर ठोका, आणि ती धारेला आडवी न ठेवता तिरकी ठोकलीत तर डोकं फिरायला वाव राहत नाही. धार दांड्याच्या रेषेत हवी. आडवी काढलीत तर सुताराचा वाकस होईल.

एवढी खटपट कशाला, फोडायची नवी कुऱ्हाड आणावी

आणता येते, आणि जवळ घण नसेल तर आणावीच. पण जिथे बंब रोज पेटतो, चुलीवर भात शिजतो, तिथे फाटी फोडायचं काम बऱ्याचदा घरातली बाई करते, आणि तिच्या हातात असतो बोथट कोयता किंवा रुतणारी कुऱ्हाड. तिच्या खांद्याचा विचार केला तर अर्ध्या दिवसाची खटपट फार नाही. तिच्यासाठी दोन किलोचा घण निवडा, तीन किलोचा नको.

फोडलेल्या फाट्यांचा आणखी एक फायदा आहे. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. ते २० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय लाकूड नीट जळत नाही, नुसतं धुमसतं, कारण आधी पाणी उकळवण्यात उष्णता जाते. अख्ख्या ओंडक्याची साल पाणी अडवून धरते. फोडला की आतलं लाकूड उघडं पडतं आणि लवकर वाळतं. स्वयंपाकघरात धूर कमी होतो तो इथून.

घाव कुठे घालायचा

ओंडक्याच्या तोंडावर मध्यापासून सालीकडे गेलेल्या भेगा दिसतील. लाकूड वाळताना परिघाच्या दिशेने जवळजवळ दुप्पट आकसतं, मध्यापासून सालीकडच्या दिशेने निम्मंच. ही ओढाताण सोसवत नाही म्हणून त्या भेगा पडतात. लाकूड स्वतःच सांगत असतं की इथे मार. घाव भेगेच्या रेषेत घाला. मोठ्या घेराच्या ओंडक्याला मध्यावर मारत बसू नका. कडेकडेने फोडी काढत आत या. शेवटच्या क्षणी गुडघे थोडे वाकवा म्हणजे घाव चुकला तरी घण पायावर न येता खालच्या ठोकळ्यात जातो.

हा खालचा ठोकळा हवाच. जमिनीवर ठेवून फोडलं तर निम्मा जोर माती खाते आणि धार दगडावर बसते. चिंचेचा ठोकळा मिळाला तर उत्तम. तिचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून खाटीकही तोच वापरतात.

आमच्याकडे चिंच नव्हती. चाळीसेक ओंडक्यांतले तीन मात्र ना माझ्या घणाने फुटले ना काकांच्या. तिन्ही बेचक्याचे, जिथे खोडातून मोठी फांदी निघते तिथले. तिथे तंतू खोडाचे आणि फांदीचे, एकमेकांत विणलेले. त्यांतला सर्वांत रुंद आम्ही पडवीबाहेर आडोशाला ठेवला आहे आणि गेली काही वर्षं बाकीच्या फाट्या त्याच्यावरच फुटतात.